एक पिचर, तेरा संघ: ऑक्ताव्हियो दोतेलची कारकीर्द समजून घेताना

८ एप्रिल २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर डोमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीतील, सांतो दोमिंगोतील, ‘जेट सेट’ या प्रसिद्ध नाइटक्लबचे छप्पर कोसळले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पंधरा हंगाम खेळलेला पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, ऑक्ताव्हियो दोतेल हा त्यांपैकी एक होता. बचावपथकाने त्याला ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढले होते, परंतु रुग्णालयात नेत असतानाच त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यात एक गोष्ट हमखास असे, ती म्हणजे तो तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळला होता आणि एके काळी हा विक्रम होता.

बेसबॉलशी फारशी ओळख नसलेल्या वाचकाला हा आकडा खटकण्याची शक्यता आहे. पंधरा वर्षांत तेरा संघ म्हणजे हा माणूस कुठेच टिकला नाही, कोणाशी त्याचे जमले नाही, किंवा तो इतका सामान्य होता की प्रत्येक संघाने त्याला लवकरात लवकर दुसऱ्याच्या गळ्यात बांधले, असे वाटू शकते. प्रत्यक्षात दोतेल सतत हलत राहिला तो सतत मागणी असल्यामुळे. ही मागणी कशी निर्माण होते आणि खेळाडूची इच्छा त्यात कितपत विचारात घेतली जाते, हे समजण्यासाठी आधी पिचरच्या कामाची वाटणी पाहावी लागते.

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात. तीन फलंदाज बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. तो साधारण पाच-सहा इनिंग टाकतो आणि थकला की त्याची जागा रिलीव्हर घेतात. एकदा सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही, या एका नियमामुळे प्रत्येक संघाला सात-आठ रिलीव्हर बाळगावे लागतात. संघाकडे थोडी आघाडी असताना शेवटच्या इनिंगमध्ये येऊन ती राखणारा रिलीव्हर म्हणजे क्लोजर, आणि त्याने ती राखली की त्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. त्याच्या आधीची, म्हणजे बहुधा आठवी, इनिंग सांभाळणारा असतो सेटअप पिचर. दोतेलची जवळजवळ सगळी कारकीर्द या दोन भूमिकांत गेली. तो एकूण ७५८ सामने खेळला, त्यांपैकी फक्त ३४ सामन्यांत तो स्टार्टर होता आणि २००१ नंतर एकदाही नाही.

त्याचे हत्यार होते वेग. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा सरळ, जलद चेंडू तो फलंदाजाच्या छातीच्या उंचीवर टाकत असे आणि फलंदाज त्याच्या खालून बॅट फिरवून चुकत असत. कारकिर्दीत ९५१ इनिंगमध्ये त्याने १,१४३ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले (तीन योग्य चेंडू, म्हणजे तीन ‘स्ट्राइक’, मारता न आल्याने बाद केले), म्हणजे दर नऊ इनिंगमागे दहाहून अधिक. त्या काळातल्या पिचरसाठी हे प्रमाण असाधारण होते. फलंदाजाने चेंडू मारला की तो कुठे जाईल, क्षेत्ररक्षक तो पकडतील की नाही, यात नशिबाचा भाग येतो. स्ट्राइकआउटमध्ये तो येत नाही. सामना निसटू लागल्यावर प्रशिक्षकाला नेमके हेच हवे असते, आणि दोतेलच्या सगळ्या प्रवासाचे मूळ या एका कौशल्यात आहे.

दोतेलचा जन्म सांतो दोमिंगोचा, २५ नोव्हेंबर १९७३ चा. डोमिनिकन रिपब्लिक हा कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाचा पूर्वेकडील भाग, पश्चिमेस हैती. अमेरिकेबाहेरच्या कोणत्याही देशापेक्षा जास्त खेळाडू हा छोटा देश मेजर लीगला पुरवतो. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील तरुणांना ‘ड्राफ्ट’ नावाच्या वार्षिक निवडीतून जावे लागते. डोमिनिकन मुलांना मात्र तो लागू नाही. तिथे क्लब थेट करार करतात, तेही मुलगा सोळा वर्षांचा झाला की, आणि त्यासाठी सर्व क्लबांनी त्या देशात स्वतःच्या अकादमी थाटल्या आहेत. या बाजारात वय फार बोलते. दोतेलने न्यू यॉर्क मेट्स या क्लबशी करार केला तो मार्च १९९३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे तिथल्या हिशेबाने उशिराच. पुढची सहा वर्षे मायनर लीग नावाच्या खालच्या पायऱ्या चढण्यात गेली आणि मेजर लीगमधला पहिला सामना त्याला २६ जून १९९९ रोजी मिळाला. तोवर तो पंचवीस वर्षांचा झाला होता.

या उशिराचा परिणाम पुढे त्याच्या खिशावर आणि स्वातंत्र्यावर झाला. मेजर लीगमध्ये खेळाडूला आपला क्लब स्वतः निवडण्याची मुभा, म्हणजे ‘फ्री एजंट’ होण्याचा हक्क, सहा पूर्ण वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. त्याआधी त्याच्यावर क्लबचा ताबा असतो. विशीच्या सुरुवातीलाच वर आलेला खेळाडू ऐन बहरात मोकळा होतो. दोतेल मोकळा झाला तो २००५ चा हंगाम संपल्यावर, बत्तिशीत, आणि तेही कोपरावरच्या शस्त्रक्रियेतून सावरत असताना.

पहिल्याच वर्षी मात्र त्याच्या वाट्याला एक विलक्षण विजय आला. १७ ऑक्टोबर १९९९ रोजी मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्‌ज यांच्यातील बाद फेरीचा सामना नऊ इनिंगमध्ये सुटला नाही आणि पंधराव्या इनिंगपर्यंत लांबला. तोपर्यंत मेट्सचे बहुतेक पिचर वापरून झाले होते, त्यामुळे या नवख्याच्या हाती चेंडू आला. पंधराव्या इनिंगमध्ये त्याने एक धाव दिली आणि मेट्स मागे पडले. पण आपल्या पाळीत मेट्सने बरोबरी साधली आणि मग रॉबिन व्हेंच्युराने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. आनंदाच्या भरात सहकाऱ्यांनी व्हेंच्युराला, धाव पुरी करण्यासाठी ज्या चार बेसना क्रमाने स्पर्श करावा लागतो त्यांपैकी दुसऱ्या बेसवर पोहोचण्याआधीच घेरले, म्हणून चार धावांचा तो फटका नोंदीत एका धावेचा राहिला. संघाने आघाडी घेतली तेव्हा जो पिचर खेळात असेल त्याच्या नावावर विजय लिहिला जातो, या नियमाने तो सामना दोतेलने जिंकला असे नोंदले गेले. दोनच महिन्यांनी मेट्सने त्याला देऊन टाकले.

येथून ट्रेड नावाच्या व्यवस्थेशी आपला संबंध येतो. आयपीएलमुळे खेळाडूंचा लिलाव आपल्या परिचयाचा आहे. तिथे खेळाडू स्वतः नाव नोंदवतो आणि बोली सर्वांसमोर लागते. बेसबॉलच्या ट्रेडमध्ये दोन क्लब आपसांत बोलून खेळाडूंची अदलाबदल करतात, खेळाडूचा करार जसाच्या तसा नव्या क्लबकडे जातो, आणि एरवी त्याला विचारण्याचे बंधन नसते. २३ डिसेंबर १९९९ रोजी मेट्सने दोतेलसह तिघांना ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडे पाठवले आणि बदल्यात माइक हॅम्प्टन व डेरेक बेल यांना घेतले. हॅम्प्टनने त्या वर्षी ह्यूस्टनसाठी २२ सामने जिंकले होते, पण त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. मेट्सला पुढच्याच वर्षी विजेतेपद हवे होते आणि ह्यूस्टनला अनेक वर्षे स्वस्तात हाताशी राहतील असे तरुण. दोतेलच्या बहुतेक सर्व ट्रेडमध्ये हाच सौदा दिसतो: एका बाजूला आजची घाई, दुसऱ्या बाजूला उद्याची सोय. त्या वेळी तो उद्याच्या बाजूला होता. वय वाढले तसा तो पलीकडच्या पारड्यात गेला.

ह्यूस्टनचा काळ हा त्याचा सर्वांत स्थिर आणि माझ्या मते सर्वांत चांगला काळ. २००० मध्ये तो स्टार्टर म्हणून सुरू झाला, पण क्लोजर बिली वॅग्नर दुखापतीने बाहेर गेल्यावर ती जागा त्याने घेतली आणि १६ सेव्ह मिळवले. वॅग्नर परतल्यावर तो सेटअप झाला, आणि २००२ मध्ये ९७ इनिंगमध्ये ११८ स्ट्राइकआउट करताना दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.८५ धावाच दिल्या. सेटअप पिचरच्या नावावर सेव्ह फारसे लागत नाहीत, त्यामुळे असे हंगाम पाहणाऱ्यांच्या लक्षात राहत नाहीत. इतर क्लबांच्या मात्र राहतात.

११ जून २००३ ची रात्र मात्र सर्वांच्याच लक्षात राहिली. न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर अ‍ॅस्ट्रोजचा स्टार्टर रॉय ऑस्वाल्ट दुसऱ्या इनिंगच्या सुरुवातीलाच जांघेच्या दुखण्याने बाहेर गेला. त्यानंतर पीट मन्रो, कर्क सार्लूस, ब्रॅड लिज, दोतेल आणि वॅग्नर असे एकामागून एक पाच रिलीव्हर आले आणि यांकीज संघाला सबंध सामन्यात एकही हिट, म्हणजे बेसवर सुखरूप पोहोचवणारा एकही फटका, मिळाला नाही. अशा सामन्याला ‘नो-हिटर’ म्हणतात. सहा पिचरनी मिळून तो पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ होती आणि यांकीजवर अशी वेळ १९५८ नंतर प्रथमच आली होती. दोतेलच्या वाट्याला आठवी इनिंग होती आणि तिच्यात त्याने चार फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. तीन बाद झाल्यावर पाळी संपते, मग चार कसे? तिसरा स्ट्राइक कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, हाती न लागता मागे गेला आणि पहिला बेस रिकामा असला, तर फलंदाजाला तिकडे धावण्याची मुभा असते. आल्फोन्सो सोरियानो तसा सुटला. पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागला, पण बाद कोणी झाले नाही. पुढे डेरेक जीटर आणि जेसन जिआम्बी हेही स्ट्राइकआउट झाले आणि इनिंग संपली.

त्या मोसमानंतर वॅग्नर फिलाडेल्फियाला गेला आणि दोतेल क्लोजर झाला, पण जेमतेम तीन महिने. २४ जून २००४ रोजी तीन क्लबांचा एक ट्रेड झाला: कॅन्सस सिटी रॉयल्सचा कार्लोस बेल्त्रान ह्यूस्टनला, दोतेल ओकलंड अ‍ॅथलेटिक्सला आणि तीन तरुण खेळाडू कॅन्सस सिटीला. बेल्त्रानचा करार त्या हंगामाअखेर संपत होता आणि त्याला राखणे आपल्याला परवडणार नाही हे कॅन्सस सिटीला दिसत होते. ओकलंडला क्लोजर हवा होता. आणि ह्यूस्टनकडे लिज तयार असल्यामुळे दोतेलला सोडणे शक्य होते. बेल्त्रानने त्या ऑक्टोबरमध्ये बाद फेऱ्यांत आठ होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, मारले, तेव्हा ह्यूस्टनचा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. दोतेलने दोन्ही संघ मिळून त्या वर्षी ३६ सेव्ह केले, त्याच्या कारकिर्दीतील सर्वाधिक.

पुढच्याच वर्षी कोपर गेले. पिचर हात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जो ताण देतो तो शरीररचनेच्या सोसण्याच्या काठावरचा असतो आणि जलद चेंडू टाकणाऱ्यांत तो अस्थिबंध फाटणे ही नित्याची दुखापत आहे. त्यावर ‘टॉमी जॉन शस्त्रक्रिया’ करतात, म्हणजे मनगटाजवळचा किंवा पायाचा स्नायुबंध काढून तो कोपरातील हाडांना छिद्रे पाडून त्यांतून ओवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी ती १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली, त्याआधी या दुखापतीने कारकीर्दच संपत असे. परत येण्यास एक ते दीड वर्ष लागते. दोतेलची शस्त्रक्रिया जून २००५ मध्ये झाली. फ्री एजंट म्हणून त्याला यांकीजने वीस लाख डॉलर देऊन घेतले ते या आशेवर की २००६ च्या उत्तरार्धात तो उपयोगी पडेल. तो १४ सामने खेळला आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी दहाच्या वर गेली. यांकीजने त्याला ठेवले नाही.

एक संघ सुरुवातीचा, मेट्स, बाजूला ठेवला तर उरलेल्या बारांपैकी सहा संघांकडे तो फ्री एजंट म्हणून, म्हणजे आपल्या मर्जीने करार करून गेला: यांकीज, रॉयल्स, शिकागो व्हाइट सॉक्स, पिट्सबर्ग पायरेट्स, टोरंटो ब्लू जेज आणि डेट्रॉइट टायगर्स. उरलेल्या सहांकडे त्याला ट्रेडने पाठवले गेले, आणि त्या सहांपैकी पाच ट्रेड हंगाम चालू असताना झाले. म्हणजे प्रवासाचा निम्मा भाग त्याचा स्वतःचा आणि निम्मा इतरांचा. दहा वर्षांची सेवा झालेल्या आणि शेवटची पाच वर्षे एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूला आपला ट्रेड नाकारण्याचा हक्क असतो. दोतेलने दहा वर्षे सहज ओलांडली, पण सलग पाच वर्षे त्याला कोणी ठेवले नाही; ह्यूस्टनला ती भरायला काही महिने कमी पडले. जितका तो फिरला तितकी फिरण्याला नकार देण्याची शक्यता दूर गेली, हा या नियमातला पेच आहे.

हंगामाच्या मध्यावरच हे ट्रेड का होतात? मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. ३१ जुलै ही त्या काळी ट्रेडची मुख्य अंतिम तारीख होती आणि तोवर कोणाला बाद फेरीची आशा आहे आणि कोणाला नाही हे बऱ्यापैकी स्पष्ट झालेले असते. आशा असलेल्यांना शेवटच्या इनिंगसाठी एक खात्रीचा हात हवा असतो. आशा संपलेल्यांकडे असा हात असला तर त्याचा त्यांना काही उपयोग नसतो, कारण आघाडीच नसेल तर ती राखणार काय? दोतेलसारखा एक-दोन वर्षांच्या करारावरचा रिलीव्हर अशा वेळी सर्वांत सुटसुटीत पडतो. कॅन्सस सिटीने २००७ साठी त्याला पन्नास लाख डॉलर दिले, ११ सेव्ह करून घेतले, आणि ३१ जुलैला काइल डेव्हिस या तरुण स्टार्टरच्या बदल्यात त्याला अटलांटाकडे सोपवले. कमकुवत संघ रिलीव्हर विकत घेतात ते कधीकधी पुढे विकण्यासाठीच, असे म्हटले तर ते फार कडू होईल, पण फारसे चुकीचे होणार नाही.

व्हाइट सॉक्सने मात्र दोन वर्षांसाठी एक कोटी दहा लाख डॉलरचा करार केला आणि तो २००८ व २००९ हे दोन्ही हंगाम पूर्ण तिथे राहिला. त्यानंतरचे २०१० हे वर्ष म्हणजे या व्यवस्थेचा वेग किती असू शकतो याचा नमुना. पिट्सबर्गसाठी त्याने २१ सेव्ह केले. ३१ जुलैला त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सने जेम्स मॅकडॉनल्ड आणि अँड्र्यू लॅम्बो या दोन तरुणांच्या बदल्यात घेतले. डॉजर्स शर्यतीतून बाहेर पडले तसे १८ सप्टेंबरला त्यांनी त्याला कोलोराडो रॉकीजकडे पाठवले. ३१ जुलैनंतरचा ट्रेड तेव्हा शक्य होता, पण त्याआधी इतर क्लबांना त्या खेळाडूवर दावा सांगण्याची संधी द्यावी लागे, आणि ३१ ऑगस्टनंतर आलेला खेळाडू बाद फेरीत खेळू शकत नसे. म्हणजे रॉकीजने त्याला आणले ते उरलेल्या सुमारे दोन आठवड्यांसाठीच. त्या दोन आठवड्यांत रॉकीजच कोसळले. एका वर्षात तीन गणवेश घालूनही दोतेलला ऑक्टोबर, म्हणजे बाद फेरीचा महिना, पाहायला मिळाला नाही.

तो मिळाला २०११ मध्ये, आणि तोही ट्रेडमुळेच. टोरंटोने २७ जुलैला त्याला एडविन जॅक्सन, मार्क झेपचिन्स्की आणि कोरी पॅटर्सन यांच्यासह सेंट लुइस कार्डिनल्सकडे दिले. टोरंटोला कोल्बी रॅस्मस हा तरुण सेंटर फील्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी दूरवर उभा राहणारा क्षेत्ररक्षक, हवा होता. दोतेल आता सदतीस वर्षांचा होता आणि त्याची उपयुक्तता आक्रसली होती: डावखुरे फलंदाज त्याला जड जात असत, पण उजव्या हाताच्या फलंदाजांना त्याचा चेंडू अजूनही दिसत नसे. व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी त्याला नेमके तेवढेच काम दिले. बाद फेरीत मिलवॉकी ब्रूअर्सचा सर्वांत धोकादायक उजवा फलंदाज रायन ब्रॉन खेळायला आला की अनेकदा दोतेलला बोलावले जाई आणि ब्रॉनला त्याच्यापुढे चाचपडावे लागे. ऑगस्टच्या उत्तरार्धात बाद फेरीच्या शर्यतीत दहाहून अधिक सामन्यांनी मागे असलेले कार्डिनल्स हंगामाच्या शेवटच्या दिवशी आत आले आणि टेक्सास रेंजर्सविरुद्धची वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, सात सामन्यांत जिंकले. बाराव्या संघात दोतेल विजेता झाला.

तेरावा संघ डेट्रॉइट टायगर्स. ७ एप्रिल २०१२ रोजी तो त्यांच्याकडून प्रथम खेळला आणि माइक मॉर्गन, मॅट स्टेअर्स व रॉन व्हिलोन यांचा प्रत्येकी बारा संघांचा विक्रम मोडला गेला. त्या वर्षी टायगर्सही वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले, पण सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून हरले. मार्च २०१३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशांची स्पर्धा डोमिनिकन रिपब्लिकने एकही सामना न गमावता जिंकली, त्या संघात दोतेल होता. परत आल्यावर कोपर पुन्हा दुखावले, त्या हंगामात तो फक्त सहा सामने खेळला, आणि २०१४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या खात्यावर १०९ सेव्ह, ५९ विजय आणि ५० पराभव होते.

त्याचा तेरा संघांचा विक्रम १५ मे २०१९ रोजी एडविन जॅक्सनने मोडला, जो २०११ च्या त्याच ट्रेडमध्ये दोतेलबरोबर सेंट लुइसला गेला होता. जॅक्सनचा चौदावा संघ होता टोरंटो. २०११ मध्ये त्या दिवशी सकाळी शिकागोहून तो आधी टोरंटोकडेच ट्रेड झाला होता आणि काही तासांतच पुढे पाठवला गेला होता. परंतु विक्रमात संघ मोजला जातो तो प्रत्यक्ष मैदानात उतरल्यावर, म्हणून टोरंटो त्याच्या यादीत आठ वर्षांनी दाखल झाले.